तुटलेली रोझरी, फुटलेली मूर्ती, वाळलेली झावळी: यांचं करायचं काय?

नाताळच्या आधी घर रंगवायला काढलं की आल्तारखालचा, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याखालचा, ड्रॉवर रिकामा करावा लागतो आणि तिथेच सगळी पंचाईत होते. आमच्या वसईत बहुतेक कॅथलिक घरांत असा एक ड्रॉवर नाहीतर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतोच, त्यात तुटलेल्या रोझऱ्या (जपमाळा), काळी पडलेली मेडल्स, कुणाच्या तरी पहिल्या कम्युनियनची मेणबत्ती, वेलंकनीहून आणलेल्या तेलाची बाटली आणि नाक उडालेला सेंट अँथनी. टाकवत नाही, ठेवायला जागा नाही. मी एकदा घाईघाईत अख्खा डबा भंगारवाल्याच्या गोणीत ओतला, त्यात आजीचा पितळी क्रूस होता हे आईला संध्याकाळी कळलं, मग जेवताना काय ऐकून घेतलं ते सांगत नाही. त्यानंतर फादरांना विचारून विचारून नीट शिकलो.

आधी वस्तू आशीर्वादित आहे का ते आठवा. कॅलेंडरवरचा येशू, लग्नपत्रिकेवरची पवित्र कुटुंबाची छपाई, पोस्टाने न मागता आलेलं मेडल, यांच्यावर सहसा कुणी फादरांनी आशीर्वादाची प्रार्थना म्हटलेली नसते, त्यामुळे नियमाने त्यांना काही लागू होत नाही, पण मासळीच्या पिशवीत तो कागद घालायला हात धजत नाही हेही खरं, मग चित्र कापून जाळा आणि बाकीचं रद्दीत द्या. आशीर्वादित वस्तूचं वेगळं आहे. चर्चच्या कायद्यात, कॅनन (कलम) 1171 मध्ये, सांगितलंय की अशी वस्तू खाजगी मालकीची असली तरी तिला मानाने वागवायचं, भलत्या कामाला वापरायची नाही. जाळा की पुरा हे त्यात लिहिलेलं नाही, ती परंपरा आहे. जुन्या 1917 च्या संहितेत तर असंही होतं की वस्तू इतकी मोडली की तिचा मूळ आकारच राहिला नाही, तर तिच्यावरचा आशीर्वादही राहत नाही. सगळी गोम इथेच आहे. जाळणं आणि पुरणं हे दोन्ही वस्तूचा आकार सन्मानाने संपवण्याचे मार्ग आहेत.

पण त्याच्याही आधी दुरुस्ती! अर्ध्या रोझऱ्या फक्त एक कडी उघडल्यामुळे "मेलेल्या" असतात. बारीक नोजप्लायरने कडी दाबली की झालं. दोऱ्याची असेल तर जाड नायलॉन दोऱ्यात पुन्हा ओवा, मोजून घ्या, 'नमो मरिया' प्रार्थनेचे 53 आणि 'आमच्या बापा' प्रार्थनेचे 6, एकूण 59 मणी, दोन-चार कमी पडले तर दुसऱ्या तुटक्या माळेतले घ्या, रंग जुळला नाही तरी प्रार्थना जुळते. मूर्तीचा हात तुटला तर एम-सील आहेच. आणि फुटलेली मूर्ती घरात ठेवली की अपशकुन वगैरे आपल्यात काही नाही, ती भीती आजूबाजूने आपल्यात आलीय, सेंट अँथनी हरवलेल्या वस्तूंचा संत, नाक नसलं तरी चाव्या शोधून देतोच.

दुरुस्त होत नसेल तर लाकूड, कागद, कापूस, लोकर हे जाळायचं. कचऱ्याच्या ढिगावर नको, घमेल्यात किंवा मातीच्या कुंडीत वेगळं जाळा, एखादी प्रार्थना म्हणा आणि राख वाडीत झाडाच्या मुळाशी घाला. तपकिरी स्कॅपुलर (गळ्यात घालायचे, दोरीने जोडलेले लोकरी कापडाचे दोन छोटे तुकडे) असंच जातं, आणि नवीन घातलं की पुन्हा फादरांकडून घालून घ्यावं लागत नाही, पहिल्यांदा विधी झालेला असतो तेवढा पुरतो, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते चिंध्या झालेलं गळ्यात घालून फिरतात.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये मिळालेली झावळी सगळ्यात सोपी. क्रूसामागे खोचलेली वर्षभर राहते, राखेच्या बुधवारच्या (उपवासकाळाचा पहिला दिवस) दोन-तीन आठवडे आधी चर्चमध्ये नेऊन द्या, तीच जाळून कपाळावरची राख होते. आमची आजी एक पान मात्र राखून ठेवायची, विजा कडाडायला लागल्या की चुलीत टाकायला.

आता खरा त्रास, प्लॅस्टिक. जाळा-पुरा हा रिवाज पडला तेव्हा वस्तू मातीच्या नाहीतर लाकडाच्या होत्या. प्लॅस्टिकची रोझरी जाळली तर विषारी धूर, पुरली तर ती आपल्यापेक्षा जास्त टिकते. कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात तेव्हा कधी कधी पांढरी प्लॅस्टिकची माळ होती तशी निघते. म्हणून मृताच्या हातात घालायची माळ शक्यतो लाकडी घ्या (आणि घरातला सगळा जुना साठा शवपेटीत भरू नका, हेही पाहिलंय). प्लॅस्टिकची माळ दोरा कापून सुटी करायची, मणी वेगळे झाले की ती माळ राहत नाही, मणी दुसऱ्या माळेला ठेवा, अगदीच फुटलेले सुक्या कचऱ्यात गेले तर चालतं असं आमच्या फादरांचं मत. धातूचा क्रूस, मेडल हातोडीने ठोकून चपटं करा नाहीतर खोल पुरा, अख्खं भंगारात नको.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती खाडीत सोडू नका. आपल्यात विसर्जन नाही, आणि पीओपी पाण्यात विरघळतही नाही, ओहोटीला चिखलात माता मारियेचं डोकं वर येतं, त्यात कसला मान? जाड कापडात गुंडाळून फोडा आणि कुत्री उकरणार नाहीत असा दोन फूट खड्डा करून पुरा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग गणपतीवाल्यांकडून घेता येईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत, बादलीभर पाण्यात साधारण मूर्तीच्या वजनाएवढी पावडर टाकून मूर्ती बुडवून ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचं, पुणे महापालिका विसर्जनासाठी ही पावडर वाटते. आपल्या मूर्तींवर ऑइलपेंटचा थर असतो म्हणून आधी तुकडे करावे लागतील, आणि गॅलरीतच करा, अमोनियाचा वास डोळ्यात पाणी आणतो. मूर्ती धडधाकट असेल तर मोडायची कशाला, नवीन संसार मांडणाऱ्या भाचीला विचारा. फक्त चर्चच्या गेटवर किंवा रस्त्यावरच्या क्रूसाखाली गुपचूप ठेवून पळू नका, मग तो आपला प्रश्न चर्चची देखभाल करणाऱ्या सॅक्रिस्टनच्या डोक्यावर बसतो. ऑफिसात जाऊन विचारा, काही ठिकाणी घेतात.

संताचे अवशेष म्हणून काही सापडलं, छोट्या काचेच्या डबीत, मागे लाखेचा शिक्का, तर घरी काहीच करू नका, विकू तर अजिबात नका, चर्चच्या कायद्यानेच बंदी आहे, सरळ फादरांकडे द्या.

पवित्र पाणी गटारात नको, जमिनीत किंवा कुंडीत ओता. अनेक जुन्या चर्चच्या सॅक्रिस्टीत (फादर तयार होतात त्या खोलीत) यासाठी वेगळं सिंक असतं, त्याचा पाइप ड्रेनेजला न जाता थेट मातीत जातो. राहता राहिली फ्रान्समधल्या लूर्द तीर्थाच्या पाण्याची ती बाटली, माता मारियेच्या आकाराची, निळा मुकुट फिरवला की उघडणारी. आमच्या डब्यात अशा तीन निघाल्या. पाणी अबोलीला गेलं, बाटल्यांवरून घरात अजून वाद चालू आहे, आईच्या मते त्या मूर्ती आणि माझ्या मते बाटल्या.