हानावर जाताय? निदान या चुका तरी टाळा

एसएपी ईसीसी या कंपन्यांचे हिशेब, विक्री, साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेर संपतोय. जुन्या एन्हान्समेंट पॅकेजवर (ईसीसीच्या जुन्या आवृत्त्यांवर) बसलेल्यांचा तर २०२५ अखेरच संपला. त्यामुळे ओरॅकल, डीबी२ हे जुने डेटाबेस सोडून हानावर, म्हणजे एसएपीच्याच रॅममध्ये चालणाऱ्या डेटाबेसवर, जायची सगळीकडे लगबग आहे, आणि पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक बेसिसवाल्याच्या (सिस्टीम सांभाळणारा) आणि अबॅपवाल्याच्या (एसएपीच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा) हातात असं एखादं काम आहे. लगबग समजू शकते. पण दर प्रोजेक्टवर त्याच चुका बघून वैताग येतो, कारण यातली एकही नवी नाही. हाना २०११ पासून बाजारात आहे. या सगळ्यावर एसएपीच्या नोट्स (नंबर दिलेले सूचनालेख) आहेत, त्या कुणी उघडत नाही.

क्रम गृहीत धरणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो, कारण ती गाजावाजा करत नाही. डंप पडत नाही (प्रोग्रॅम मध्येच बंद पडत नाही), एरर येत नाही, जॉब हिरवा दिसतो. फक्त आकडा चुकतो.

जुन्या डेटाबेसवर बीसेग (हिशेबाच्या नोंदी), केओएनव्ही (किंमत आणि डिस्काउंट) यांसारखी टेबलं क्लस्टर टेबलं होती, म्हणजे अनेक ओळी एकत्र बांधून ठेवलेली. त्यांतून वाचलेल्या ओळी प्रायमरी कीच्या (ओळ ओळखणाऱ्या फील्डांच्या) क्रमानेच हातात पडायच्या. ऑर्डर बाय (क्रम लावायची सूचना) लिहा किंवा न लिहा, फरक पडत नसे. हानावर ही टेबलं साधी ट्रान्सपरंट होतात, डेटा कॉलमप्रमाणे साठवला जातो, आणि ऑर्डर बाय नसेल तर ओळी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. क्रमाची हमी आधीही कुणी दिली नव्हती. लोकांना सवय लागली होती, एवढंच.

सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं उदाहरण सांगतो. शनिवार-रविवारी मायग्रेशन झालं, सोमवारी सगळे खूश. दुपारपासून डीलरचे फोन सुरू झाले: इन्व्हॉइसच्या प्रिंटवर काही ओळींचा डिस्काउंट शून्य. अकाउंटिंगची पोस्टिंग बरोबर, छापील कागद चूक. टीमने आधी प्रायसिंग प्रोसीजर तपासली, मग कंडिशन रेकॉर्ड, मग स्मार्टफॉर्म (छपाईचा साचा). शेवटी कुणीतरी ठरवलं की डेटाच नीट आला नाही, आणि डीएमओचे (मायग्रेशन करणाऱ्या टूलचे) लॉग उघडून बसले. लॉगमध्ये काहीच नव्हतं.

मी प्रिंटच्या झेड प्रोग्रॅममध्ये (कंपनीने स्वतः लिहून घेतलेल्या) ब्रेकपॉइंट लावला. लांबलचक इन्व्हॉइस होतं. केओएनव्हीतून भरलेल्या इंटर्नल टेबलमध्ये आयटम नंबर असे होते: १०, ४०, ४०, २०, ९०, ३०. आणि खाली काही ओळींवर आयटम नंबर देऊन रीड टेबल, बायनरी सर्च. बायनरी सर्च यादी क्रमात आहे असं धरून मधली ओळ उघडतो, तिथला नंबर मोठा दिसला की वरच्या अर्ध्या भागात शोधतो, आणि हवी ती ओळ खालच्या अर्ध्यात पडलेली असते. एसवाय-सबआरसी ४, म्हणजे ओळ सापडली नाही. पुढच्या ओळीवर डिस्काउंटचं व्हेरिएबल क्लिअर. म्हणून शून्य.

टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही? कारण क्वालिटीमध्ये (चाचणीच्या सिस्टीमवर) सगळ्यांनी दोन-तीन ओळींची नवी इन्व्हॉइस बनवून बघितली, आणि एवढ्या थोड्या ओळी योगायोगाने क्रमातच आल्या. त्याहून वाईट म्हणजे एटीसीने (कोड तपासणाऱ्या टूलने) नेमकी हीच ओळ दाखवली होती. "जुना कोड आहे, इतकी वर्षं चालतोय" असं म्हणून ती पूर्ण यादी बाजूला ठेवली गेली. जुना कोड चालत होता तो जुन्या डेटाबेसच्या जिवावर, आणि आपण तोच बदलतोय, हे लक्षात घ्यायला हवं होतं.

माझी सवय अशी: बायनरी सर्च दिसला की त्याच्या बरोब्बर वर, त्याच फील्डवर सॉर्ट. बरेच जण सिलेक्टला (डेटा वाचणाऱ्या सूचनेला) ऑर्डर बाय प्रायमरी की लावून मोकळे होतात. ते चूक नाही, पण सिलेक्ट एका इन्क्लूडमध्ये (कोडच्या एका तुकड्यात) असतो, रीड तिसऱ्यात, आणि मध्ये कुणीतरी त्याच टेबलात ओळी अपेंड करून जातो. सॉर्ट रीडच्या डोक्यावर असला की पुढच्या माणसाला शोधत बसावं लागत नाही. काही हजार ओळींच्या सॉर्टला लागणारा वेळ जाणवतही नाही, त्यामुळे परफॉर्मन्सचं कारण मला सांगू नका. नवा कोड लिहीत असाल तर सरळ सॉर्टेड टेबल (कायम क्रमात राहणारं) घ्या.

डिलीट अ‍ॅडजसंट डुप्लिकेट्स, लूपमधला अ‍ॅट न्यू, आणि अर्धवट की दिलेला सिलेक्ट सिंगल यांचाही निकाल क्रमावर अवलंबून असतो, म्हणून त्यांनाही हेच लागू. एटीसी फंक्शनल_डीबी व्हेरिएंटने चालवा आणि यादीतली प्रत्येक ओळ बघा. डायनॅमिक सिलेक्ट (प्रोग्रॅम चालताना तयार होणारे) एटीसीला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एसआरटीसीएम (चालू प्रोग्रॅमवर नजर ठेवणारं टूल) चालू करून महिनाअखेरचे जॉब जाऊ द्या.

कचरा उचलून रॅममध्ये ठेवणं

डिस्क स्वस्त होती तोवर कुणी विचारलं नाही. आता डेटा रॅममध्ये राहतो, म्हणून प्रत्येक जीबीचं भाडं रॅमच्या भावाने भरायचं आहे. तरीही लोक वर्षानुवर्षांचे आयडॉक (दुसऱ्या सिस्टीमशी देवाणघेवाणीचे संदेश), अ‍ॅप्लिकेशन लॉग आणि मेलच्या अ‍ॅटॅचमेंट जशाच्या तशा घेऊन जातात. ईडीआय४०, बीएएलडॅट, सॉफकॉन्ट१ ही त्यांची टेबलं आधी बघा. अशा तांत्रिक टेबलांची साफसफाई कशी करायची ते नोट २३८८४८३ मध्ये एकेका टेबलनिशी दिलंय. मी सफाई मायग्रेशनच्या बऱ्याच आधी, जुन्या सिस्टीमवरच करतो. "आधी जाऊ, मग साफ करू" म्हणणाऱ्या ठिकाणी नंतर कधीच साफ होत नाही, कारण तोवर मोठं सर्व्हर विकत घेऊन झालेलं असतं.

पण उलट टोकही गाठू नका. एका ठिकाणी उत्साही पोरांनी डीबीटॅबलॉग जागा खातंय म्हणून ते रिकामं करायचं ठरवलं होतं, वेळेवर थांबवलं. त्यात टेबलांमधल्या बदलांची नोंद असते. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदललं याची नोंद) सक्तीचा आहे. काय ठेवायचं, काय आर्काइव्ह करायचं हे बेसिसवाल्याने एकट्याने ठरवू नये. ऑडिटरकडून लेखी घ्या.

सफाई झाली की मगच सायझिंग, म्हणजे किती रॅम लागेल याचा हिशेब. नोट १८७२१७० मधला रिपोर्ट प्रॉडक्शनवर चालवा. कुठल्यातरी स्लाइडवरच्या कॉम्प्रेशनच्या आकड्याने ओरॅकलच्या साइजला भागू नका. आणि कॉम्प्रेस झालेला डेटा जेवढा, साधारण तेवढीच जागा कामासाठी मोकळी लागते: जॉइनचे मधले निकाल, एकत्रीकरण, डेल्टा मर्ज (डेल्टात जमलेल्या नव्या नोंदी मुख्य साठ्यात मिसळणं). ही जागा कापून पैसे वाचवणाऱ्यांची सिस्टीम पहिल्याच वर्षअखेरीला आउट ऑफ मेमरी होते.

बाकीच्या, थोडक्यात

"रॅममध्ये आहे म्हणजे वीज गेली की गेलं." नाही. कमिट होताना रीडो लॉग (बदलांची नोंद) डिस्कवर लिहिला जातो, आणि डिफॉल्टनुसार दर ५ मिनिटांनी सेव्हपॉइंट होतो, म्हणजे बदललेला डेटाही डिस्कवर जातो. म्हणूनच लॉगच्या डिस्कवर कंजुषी करू नका. ती संथ असेल तर प्रत्येक कमिट संथ.

लॉग व्हॉल्यूम (या लॉगची डिस्कवरची जागा) भरला की अख्खा डेटाबेस जागेवर थांबतो. बहुतेकदा कारण एकच: लॉग बॅकअप चालूच केलेला नसतो, किंवा बॅकअपची जागा भरलेली असते. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये शिरून लॉगच्या फाइली हाताने डिलीट करू नका. कितीही घाई असली तरी नाही.

लूपमधले सिलेक्ट तसेच ठेवून वेगाची अपेक्षा करू नका. सिलेक्ट स्टारही सोडा. कॉलम स्टोअरमध्ये एका ओळीचे सगळे कॉलम गोळा करणं हेच महागडं काम आहे. चार लागत असतील तर चारच मागा.

मोठ्या लोडसाठी ऑटो मर्ज (आपोआप होणारा डेल्टा मर्ज) बंद केला असेल तर तो परत चालू करायचं काम कटओव्हरच्या (नव्या सिस्टीमवर जायच्या वेळच्या कामांच्या) यादीत नाव घालून कुणाला तरी द्या. नाहीतर डेल्टा फुगत राहते, मेमरी जाते आणि महिन्याभराने "हाना स्लो आहे" अशी तक्रार येते.

एका पार्टिशनमध्ये (टेबलाच्या एका भागात) २ अब्जांच्या आसपास ओळींची मर्यादा आहे. मोठी टेबलं जायच्या आधी मोजा आणि पार्टिशन ठरवा.

टॉपमध्ये (लिनक्सवर मेमरीचा वापर दाखवणारी कमांड) मेमरी भरलेली दिसली म्हणून रीस्टार्ट मारू नका. हाना घेतलेली मेमरी लगेच ऑपरेटिंग सिस्टीमला परत करत नाही, ती स्वतःकडे राखून ठेवतो. आधी प्रत्यक्ष वापरलेली मेमरी किती ते बघा. रीस्टार्टनंतर कॉलम टेबलं लागतील तशी परत चढतात, त्यामुळे सकाळी पहिल्यांदा रिपोर्ट काढणाऱ्या माणसाला ताटकळावं लागतं.