मालदीवचे टिपण लिहिताना मी काय शिकले

कलिन्याहून अर्थशास्त्रात एम. ए. होऊन 2023 साली मी वांद्रे-कुर्ला संकुलात परदेशांच्या अर्थस्थितीवर टिपणे लिहिणाऱ्या एका संशोधन कक्षात रुजू झाले, तेव्हा माझ्या वाट्याला आलेला पहिला देश मालदीव होता, आणि लहान देश म्हणजे सोपा देश, अशी माझी भाबडी समजूत होती. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, 1972 साली पहिले रिसॉर्ट सुरू झाल्यापासून सगळी भिस्त पर्यटनावर, आणि मासळी वगळता बाहेर विकण्याजोगे फारसे काही नाही. तेव्हा पर्यटकांचा आकडा बरोबर धरला की बाकीचे आकडे ओघाने येतील, असे मला वाटत होते. याच क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी, ही समजूत कशी उतरली ते लिहीत आहे.

2023 मध्ये मालदीवला सुमारे 18.8 लाख पर्यटक आले होते. 2024 च्या आरंभी लिहिलेल्या टिपणात मी दोन गोष्टी ठामपणे मांडल्या: पर्यटक 20 लाखांचा टप्पा गाठतील, आणि त्यामुळे देशाला जाणवणारी डॉलरची चणचण कमी होईल. पहिली गोष्ट खरी ठरली. राजकीय वादानंतर भारतीयांची संख्या दोन लाखांवरून सुमारे 1.3 लाखांवर घसरली, तरी चीन आणि युरोपच्या जोरावर एकूण आकडा 20 लाखांच्या पुढे गेला. दुसरी गोष्ट साफ चुकली. त्याच वर्षी फिच आणि मूडीज या, कर्ज फेडण्याची ऐपत जोखणाऱ्या, दोन्ही पतमापन संस्थांनी देशाचे मानांकन खाली आणले, आणि ऑक्टोबरमध्ये भारताला 40 कोटी डॉलर व 3,000 कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची, म्हणजे मालदीवच्या चलनाच्या बदल्यात हे पैसे काही काळ वापरायला देण्याची, सोय करून द्यावी लागली.

ते टिपण काळबादेवीतील एका निर्यातदारांकडे गेले होते. ते तिथल्या हॉटेलांना सोलापुरी टॉवेल पाठवत असत. त्यांचा फोन आला. “मॅडम, पर्यटक येणार म्हणालात, ते आले. माझे डॉलर कुठे अडकलेत तेवढं सांगा.” त्यांच्या गिऱ्हाइकाच्या खात्यात रुफिया, म्हणजे मालदीवचे चलन, पडून होते, पण बँक त्यांच्या बदल्यात डॉलर देत नव्हती. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आमच्या वरिष्ठ बाईंनी मला रागे न भरता घारापुरीला जाऊन येण्यास सांगितले. मला ती थट्टाच वाटली, कारण शाळेच्या सहलीनंतर मी तिथे गेले नव्हते. गेटवेवरून लाँचने तासाभरात पोहोचले. लेण्यांच्या पायऱ्यांवर काकडी आणि कैरीच्या फोडी विकणाऱ्या मावशींना धंद्याचे विचारले, तर माकडाला काठीने हुसकावत त्या म्हणाल्या, “लाँच भरून माणसं येतात गो, पण डबा घरचा, बाटली घरची, आणि शेवटच्या लाँचला परत. आमच्या गल्ल्यात काय पडणार?” समुद्राखालून टाकलेल्या केबलने या बेटावर कायमची वीज आली ती 2018 साली, तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. मावशींच्या टोपलीतली काकडीसुद्धा लाँचनेच आलेली असते. परतताना मी वहीत दोनच प्रश्न लिहिले: माणूस किती वेळ राहतो, आणि त्याने दिलेल्या पैशातले बेटावर किती उरते?

मालदीवला हेच प्रश्न लावल्यावर चित्र पालटले. महामारीनंतर, 2021 मध्ये, लांबलेला सरासरी मुक्काम पुढील वर्षांत आखूड होत गेला होता. समजा, पर्यटक 9 टक्क्यांनी वाढले आणि मुक्काम 7 टक्क्यांनी घटला, तर मुक्कामाच्या एकूण रात्री दीड टक्काही वाढत नाहीत. विमानतळावर गर्दी मात्र दिसते. शिवाय 2009 नंतर स्थानिक वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे निघाली, आणि तिथली रात्र रिसॉर्टमधल्या रात्रीपेक्षा कितीतरी स्वस्त असते. उरलेल्या डॉलरला तर पाय फुटलेलेच असतात: पुष्कळदा खोलीचे पैसे परदेशातल्या खात्यातच जमा होतात, आणि जे देशात येतात त्यांतून डिझेल, तांदूळ, अंडी यांची आयात, परदेशी कर्मचाऱ्यांचे घरी जाणारे पगार आणि सरकारी कर्जाचे हप्ते भागवावे लागतात. त्यात रुफियाचा अधिकृत दर 2011 पासून ठरवून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेच्या वरच्या टोकाला, डॉलरमागे 15.42 च्या आसपास टेकलेला असल्यामुळे टंचाई दरात दिसत नाही. ती बँकेच्या रांगेत आणि काळ्या बाजारात दिसते. पर्यटन व्यावसायिकांना डॉलरचा काही हिस्सा स्थानिक बँकांत बदलून घेण्याची सक्ती 2024 मध्ये झाली, ती यामुळेच. हे सारे माझ्या पहिल्या टिपणात एका वाक्यानेही आले नव्हते.

नवख्यांनी सांख्यिकी पक्की करावी हे सांगायला नको, पण बेटांच्या बाबतीत दोन खाचा आधीच ठाऊक असाव्यात. चिनी नववर्ष कधी जानेवारीत, तर कधी फेब्रुवारीत येते, त्यामुळे एकट्या फेब्रुवारीची तुलना गेल्या फेब्रुवारीशी केली की हमखास फसगत होते. हे दोन महिने एकत्र धरावेत. दुसरी खाच 2020 ची. मार्चअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सीमा बंद राहिल्या आणि त्या वर्षी देशाचे एकूण उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने आकसले. ते वर्ष तसेच सूत्रात सोडले, तर त्यानंतरचा वाढीचा दर फुगतो. मालदीवच्या मध्यवर्ती बँकेचे मासिक आकडे आणि पर्यटन मंत्रालयाची मुक्कामाची आकडेवारी मोफत मिळते; मुलाखतीला येण्यापूर्वी त्यांतून तीन वर्षांचा रात्रींचा तक्ता स्वतः बांधून पाहावा. आमच्याकडे उमेदवाराला हेच करायला देतात, आणि बहुतेक जण पर्यटकांच्या आवकेचा आलेख रंगवण्यातच वेळ घालवतात.

पुढच्या टिपणात मी रात्रींचा तक्ता पहिल्या पानावर घेतला, त्याखाली देशाची वापरता येण्याजोगी परकीय चलनाची गंगाजळी आणि कर्जफेडीच्या तारखा लावल्या, आणि आवक तिसऱ्या पानावर ढकलली. निर्यातदारांनी पहिलेच पान वाचले. पुढच्या खेपेला त्यांनी 90 दिवसांची उधारी बंद करून निम्मी रक्कम आगाऊ मागितली.