फुकट वकील मागताना ‘गरीब’ हा शब्द शेवटी लिहा

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात न्यायसंकुलाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. विधी सेवेचा, म्हणजे फुकट वकील मागण्याचा, अर्ज टाईप करायला येणारा जवळपास प्रत्येक जण खुर्चीत बसायच्या आधी सांगतो, "आम्ही लई गरीब हाय, तेवढं नीट लिवा." मग पिवळं रेशनकार्ड, लाईट बिल, बँकेचं कर्ज, सगळं टेबलावर येतं. मी ते बाजूला सारतो आणि विचारतो, अर्ज कुणाच्या नावानं करायचाय? बाईच्या असेल तर उत्पन्नाचा विषय तिथंच संपला.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो त्याची यादी आहे. महिला, १८ वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, कोठडीत किंवा तुरुंगात असलेले, मानवी तस्करी आणि वेठबिगारीचे बळी, औद्योगिक कामगार आणि आपत्तीग्रस्त. यातल्या कुणालाही उत्पन्न दाखवावं लागत नाही. बाईच्या नावावर बंगला असला तरी ती पात्र. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला कामगार, इचलकरंजीत मागावर काम करणारा, यांनी ‘औद्योगिक कामगार’ असं लिहावं आणि ओळखपत्र किंवा पगाराची पावती जोडावी. आपत्ती म्हटलं की त्यात महापूरही धरतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोळ-करवीरकडची घरं पाण्यात गेली, त्यातनं उभ्या राहिलेल्या वादासाठी पंचनाम्याची प्रत लावून अर्ज करता येतो, हे पूरपट्ट्यातल्या माणसालाच माहीत नसतं.

या कुठल्याच खणात न बसणाऱ्यासाठी मग उत्पन्न. महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत, सुप्रीम कोर्टातल्या कामासाठी ५ लाखांच्या आत. त्यासाठी तहसीलदारांच्या दाखल्यामागं पळत बसू नका. उत्पन्नाचं स्वतःचं शपथपत्र पुरेसं धरता येतं, तशी सोय त्याच कायद्यात आहे. शंका आली तरच जास्तीचे कागद मागतात.

आता अर्ज. तो साध्या कागदावर चालतो आणि एका पानात बसतो. शिरोळकडच्या एक मावशी आल्या होत्या, पाच फुलस्केप भरून लग्नापासूनची हकिकत घेऊन. नवरा वारलेला, सासऱ्याच्या जमिनीत दीर हिस्सा देईना. "मी काय कधी कोर्टाची पायरी चढलोय व्हय? साहेबांनी काय इचारलं तर मी काय बोलू?" मी सांगितलं, मावशी, विधी सेवेच्या हपिसात उलटतपासणी नसते. तिथले सचिव न्यायाधीशच असतात, पण तिथं ते तुमचा अर्ज बघायला बसलेले असतात. मग त्यांच्या पाच पानांतनं एवढं काढलं:

"मी, खाली सही करणार, वय ५४, राहणार अमुक, विधवा. महिला म्हणून कलम १२ नुसार मोफत विधी सेवेस पात्र आहे. माझे सासरे व पती मयत आहेत. सासऱ्यांच्या नावच्या गट नंबर अमुकमधील पतीचा हिस्सा माझे दीर देत नाहीत. मला वाटपाचा दावा दाखल करायचा आहे. त्यासाठी वकील नेमून मिळावा व कोर्टखर्च मिळावा, ही विनंती."

दुसरी ओळ बघा. पात्रता तिथंच आली, त्यामुळं वाचणाऱ्याला ती शोधावी लागत नाही. दिरानं कधी काय शिव्या दिल्या ते वकिलाला सांगायचं, अर्जात नाही. सोबत आधारची झेरॉक्स, पात्रतेचा कागद (अनुसूचित जातीचे असाल तर जातीचा दाखला, दिव्यांग असाल तर ते प्रमाणपत्र) आणि वादाचे जे कागद असतील ते. मावशींनी सातबारा आणि नवऱ्याचा मृत्यूदाखला लावला.

तुमच्यावरच दावा झाला असेल तर समन्स आधी काढा आणि ते हातात कुठल्या दिवशी पडलं ते त्याच्यावरच पेन्सिलनं लिहा. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. फार तर ९० दिवसांपर्यंत कोर्ट वाढवून देतं. वकील मिळाला नाही म्हणून तारखेला घरी बसणं हे सगळ्यात वाईट, प्रकरण एकतर्फी चालतं. स्वतः उभं राहा, विधी सेवेकडं अर्ज केलाय म्हणून सांगा, पोच दाखवा आणि मुदत मागा.

जायचं कुठं, यावर हल्ली नवाच घोळ होतो. १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे तिथं. ‘कोर्टात जायचंय’ म्हटलं की रिक्षावाला सीपीआरला सोडतो आणि माणूस उन्हात हेलपाटा घालून बावड्याला येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बावड्यातच आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, म्हणून चंदगडच्या माणसानं या अर्जासाठी शंभरावर किलोमीटर यायची गरज नाही. हायकोर्टात अपील करायचं असलं तरी अर्ज जिल्ह्यात देता येतो, ते पुढं पाठवतात. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरनंही भरता येतो.

अर्ज दिला की पोच घ्याच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. सात दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असा नियम आहे, आणि ते सात दिवस मोजायला पोच लागते. नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडं, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडं अपील करता येतं.

नेमलेल्या वकिलाची फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकलांचा खर्चही त्यातच. तेव्हा वकिलांनी ‘थोडं वरखर्चाला’ म्हटलं तर द्यायचं नाही, नियमानं त्यांना पक्षकाराकडनं एक रुपयाही घेता येत नाही. सचिवांना लेखी कळवा, वकील बदलून मागता येतो. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं लोक म्हणतात. काही देतात, काही देत नाहीत, पैसे मोजलेल्यांचंही माझ्यासमोर तेच चाललेलं असतं. तारखेच्या आदल्या दिवशी फोन करून आठवण द्या, एवढं आपल्या हातात आहे.

घरातला कुणी कळंब्याच्या जेलात असेल तर कागद जमवत बसूच नका. कोठडीत असणं हीच पात्रता. पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतात तेव्हाच ‘वकील नाही’ म्हणून सांगायचं. आतनं जेलमार्फत अर्ज जातो, बाहेरनं घरच्यांनी दिला तरी चालतो. फौजदारी कामांसाठी आता लोक अभिरक्षक नावाची पूर्णवेळ वकिलांची यंत्रणा आहे, काम बहुधा त्यांच्याकडं जातं.

लोकअदालतीत ठेवा असं कुणी सुचवलं तर ऐकून घ्या. कोर्टात भरलेली फी परत मिळते, काम एका दिवसात मिटतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तडजोडीचा कागद घरच्या शिकलेल्या पोराकडनं वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावू नका. पटलं नाही तर सही करायची नाही, प्रकरण होतं तिथं परत जातं.

आधी नुसतं विचारायचं असेल तर १५१०० वर फोन करा. आणि माझ्या धंद्याच्या विरुद्ध सांगतो, टाईप केलेलाच अर्ज लागतो असं काही नाही. हातानं लिहिलेला चालतो. लिहिताच येत नसेल तर हपिसात तोंडी सांगा, तिथले विधी स्वयंसेवक लिहून घेतात आणि खाली तुमचा अंगठा घेतात.