उद्या इथं नसणाऱ्या पेशंटसाठी

दर वर्षी मे-जूनच्या सुमारास नर्सिंग किंवा एमएसडब्ल्यू संपवलेल्या मुलामुलींचे फोन येतात. "ताई, निर्वासितांसोबत आरोग्याचं काम करायचंय, कुठं अर्ज करू?" मी उलट विचारते, दिवाळीनंतर चार महिने सोलापूर जिल्ह्यात माढा-माळशिरसकडं ऊसतोड कामगारांच्या तळावर काम करशील का? काहींना वाटतं मी विषय टाळतेय. तसं अजिबात नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर मी एका संस्थेसोबत तीन हंगाम या तळांवर काढले, मग दीड वर्ष दिल्लीत निर्वासितांच्या आरोग्यकेंद्रात होते आणि आता परत सोलापुरात आहे. दिल्लीत जे जे लागलं, त्यातलं बरंचसं मी उसाच्या पाचटात शिकले होते.

आधी शब्द नीट समजून घ्या. जिवाच्या भीतीनं देश सोडलेला आणि तशी मान्यता मिळालेला माणूस म्हणजे निर्वासित. ज्याच्या अर्जाचा निकाल अजून लागायचा आहे तो आश्रयार्थी. भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यासाठी आपल्याकडं वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ यांची व्यवस्था सरकार स्वतः बघतं. अफगाण, रोहिंग्या, म्यानमारमधले चिन अशा लोकांची नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था दिल्लीत करते आणि त्यांना कार्ड देते. ते कार्ड म्हणजे आधार कार्ड नाही, आणि सगळी रखडपट्टी तिथूनच सुरू होते. ऊसतोड कामगार निर्वासित नाहीत. ते या देशाचे नागरिक आहेत, मतदार आहेत, हा फरक कधीही पुसू नका. पण नर्स म्हणून समोर बसलात की तीन गोष्टी दोन्हीकडं सारख्याच दिसतात: कागद जवळ नसतो, बोली वेगळी असते आणि माणूस उद्या तिथं असेलच असं नसतं.

पहिल्या हंगामात आम्ही सकाळी अकराला गाडी घेऊन तळावर जायचो. तिथं म्हातारी माणसं आणि कुत्री. कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, पहाटे चारलाच फडात गेलेली असायची. दवाखान्यासाठी दिवस मोडला तर खाडा पडतो आणि तो उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशातून, कापला जातो, हे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले. मग संध्याकाळी सातनंतर जायला लागलो. चुली पेटलेल्या असतात, बाई एका हातानं भाकरी थापत दुसऱ्या हातानं पोराला धरून बोलते. हीच तुमची ओपीडी. खुर्ची-टेबल मांडू नका, चुलीपाशी बसा.

अशाच एका संध्याकाळी दहा महिन्यांचं पोर समोर आलं. "कार्ड सासूकडं हाय, गावाकडं." सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. अशा वेळी नव्या नर्सचा हात थांबतो, किंवा ती सगळे डोस पहिल्यापासून सुरू करते. दोन्ही चूक. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का बघा. आईला विचारा, मांडीत सुई किती वेळा दिली, त्या रात्री ताप आला होता का. आया असं विसरत नाहीत. मग तिच्या गावच्या आशाताईंना फोन लावून नोंदवही बघायला सांगा. राहिलेला डोस जिथं थांबला तिथून पुढं द्यायचा असतो, मालिका पुन्हा पहिल्यापासून करायची नसते. त्या पोराचे पेंटाव्हॅलेंटचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे, दोन डोस झाले होते. तिसरा आणि गोवर-रुबेलाचा पहिला आम्ही त्या आठवड्यात उपकेंद्रातून दिला.

दुसरं शिक्षण दुभाष्याचं. एका बाईची तपासणी चालली होती. ती गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी, मला गोरमाटी येत नव्हती. टोळी आणणारा मुकादम मध्ये उभा राहून तिच्या वतीनं सांगत होता, "काही नाही मॅडम, कंबर दुखतीया, गोळी द्या." मी गोळी दिली. चार दिवसांनी शेजारच्या कोपीतली (पाचटाच्या झोपडीतली) एक मराठी जाणणारी बाई सोबत घेऊन गेले, तेव्हा कळलं की तिला महिनाभर अंगावरून जातंय आणि कुणीतरी तिला 'पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल' असं सांगितलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. त्या आकड्यात आणखी एकीची भर पडण्याआधी ही बाई आमच्यापर्यंत पोचली. साधा संसर्ग होता, औषधांनी बरा झाला. पण मुकादमाच्या तोंडून आलेल्या उत्तरावर मी चार दिवस निवांत बसले होते, ही माझी चूक आहे आणि ती मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

दिल्लीत लाजपतनगरात एक अफगाण आई अकरा वर्षांच्या मुलाला दुभाष्या म्हणून घेऊन आली, तेव्हा मी लगेच थांबले. ते पोर आईच्या पाळीबद्दल काय विचारणार आणि ती त्याला काय सांगणार? दरी ही अफगाणांची भाषा बोलणारी बाई मिळेपर्यंत दोन तास गेले, पण ते दोन तास घालवायचेच असतात. सोलापूरची मुलं या बाबतीत नशीबवान आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी कानावर पडतच आपण मोठे होतो, परकी बोली ऐकून बुजत नाही. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. त्यांच्या सेवेबद्दल सगळेच बोलतात. मला त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, हे फार मोलाचं वाटतं.

मोजायला शिका. निर्वासितांच्या छावण्यांसाठी जगभर 'स्फिअर' नावाची किमान मानकं वापरतात: दर माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, छपराखाली साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागं एक संडास. दुसऱ्या हंगामात मी टेप घेऊन एक कोपी मोजली. दहा फूट बाय आठ फूट, आत पाच माणसं. माणशी दीड चौरस मीटर. पाण्याच्या घागरी मोजल्या तर माणशी दहा लिटरसुद्धा होईनात. संडास एकही नाही. नुसतं 'हाल आहेत हो' म्हटलं की समोरचा मान हलवतो. हे आकडे कागदावर मांडून कारखान्याच्या शेती खात्यात गेलो, तेव्हा त्या तळावर एक दिवसाआड टँकर यायला लागला.

टीबीचा पेशंट असेल तर विशेष सावध राहा. उपचार किमान सहा महिन्यांचा, हंगाम पाच महिन्यांचा. निक्षय नंबर, म्हणजे टीबी पेशंटचा सरकारी नोंदणी क्रमांक, देशात कुठंही चालतो आणि पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो. पण नुसता नंबर वर्ग करून भागत नाही, तिथल्या टीबी सुपरवायझरला स्वतः फोन करा आणि पहिली गोळी तिथं सुरू झाली का हे विचारून घ्या. कार्डाचा फोटो पेशंटच्या, नातेवाइकाच्या आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा. दिल्लीत कालिंदी कुंजजवळच्या रोहिंग्या वस्तीला एप्रिल २०१८ मध्ये आग लागली, तेव्हा झोपड्यांबरोबर कागदही जळाले. ओळखीचा एकुलता एक कागद गेला की पुन्हा रांग, पुन्हा प्रश्न.

नोकरीबद्दल थोडक्यात. जीएनएम, बीएस्सी नर्सिंग, बीएएमएस, एमएसडब्ल्यू (समाजकार्य), एमपीएच (सार्वजनिक आरोग्य), कुठूनही येता येतं. मोठ्या मानवतावादी संस्था बहुधा दोनेक वर्षांचा अनुभव मागतात आणि तळावरचे हंगाम त्यात धरले जाऊ शकतात, म्हणून किती घरं, किती गरोदर बायका, किती लसी याची वही ठेवा. संध्याकाळी तळावर एकटं जाऊ नका. ऐकलेलं सगळं घरी घेऊन जाऊ नका, आठवड्यातून एकदा तरी सहकाऱ्यांसोबत बसून बोला. पगार सुरुवातीला कमी असतो, हे घरी आधीच सांगून टाका.

एक सुट्टी मात्र कधी घेऊ नका, पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या, आठवड्यातली. कारखाना बंद झाला की एका रात्रीत तळ रिकामा होतो. त्या संध्याकाळी आम्ही नवी कार्डं लिहून, पुढच्या डोसची तारीख लाल पेनानं मांडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरोघर देतो. त्या दहा महिन्यांच्या पोराची आई ट्रॅक्टरवर भांडी चढवत होती. कार्ड तिनं पिठाच्या डब्यात टाकलं, मग काही सुचून बाहेर काढलं आणि पोलक्यात खोचलं. "ताई, जूनमधी गावाकडं सुई द्यायची म्हनला न्हवं?" ट्रॅक्टर चालू झाल्यावर तिनं ओरडून विचारलं. मी चार बोटं वर केली. चार तारखेला तिच्या गावच्या आशाताईंचा फोन आला, पोर आलंय, डोस दिला.