व्हॉल्ट शिकायला जाताय? मान वर करू नका, आधी भिंती बघा

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आमची टूर ओल्ड गोव्याला गेलेली, मेजर्ड ड्रॉइंगसाठी (म्हणजे उभी इमारत मोजून तिची ड्रॉइंग काढायची), आणि आमच्या ग्रुपला आलं तिथलं मोठं चर्च, से कॅथेड्रल. मधल्या भागावर बॅरल व्हॉल्ट, म्हणजे पिंप उभं चिरून पालथं घातल्यासारखं लांबच्या लांब अर्धगोल छत. अर्धा दिवस मी नुसते वर बघून फोटो काढले. मान आखडली, शीट कोरीच.

मग स्पॅन (कमानीची रुंदी) घेतला तोही फरशीवर, खांबाच्या तळापासून तळापर्यंत. तळ रुंद असतो हे डोक्यातच नाही, त्यामुळे स्पॅन कमी भरला, उंची लेसर मीटरने बरोबर आलेली, आणि कागदावर छत झालं उभं अंडं 😅 सर काही बोलले नाहीत, फक्त हसले, ते जास्त लागलं. तर स्पॅन घ्यायचा जिथून कमान सुटते तिथे, आणि तिथे बऱ्याचदा कॉर्निस (भिंतीची नक्षीदार आडवी पट्टी) पुढे आलेली असते, तिला हिशोबात धरायचं नाही. त्या लेव्हलपासून माथ्यापर्यंतची उंची स्पॅनच्या निम्मी आली तर पूर्ण अर्धवर्तुळ, कमी आली तर मुळातच बसकं बांधलंय नाहीतर नंतर बसलंय.

बसतं कशामुळे? तर कमान नुसती खाली नाही, बाजूलाही ढकलते, तीही सलग भिंतभर. भिंती जरा फाकल्या की माथा उतरतो आणि खालून बघितलं तर माथ्यालगत छताच्या लांबीने चीर दिसते. म्हणून बॅगेत लेसरबरोबर ओळंबा पाहिजेच, भिंत बाहेर कललीय का ते तो सांगतो.

बरं, कार्ल्याचं चैत्यगृह बघून 'हे तर आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच होतं' म्हणणारा एक जण प्रत्येक बॅचला असतो (आमच्यात मीच होतो). आकार तोच, पण ते अखंड खडकात कोरलेलं, तिथे भिंती ढकलायला कोणी नाही, लाकडी फासळ्यासुद्धा भार घेत नाहीत.

माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला तो ओल्ड गोव्यातल्याच सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये, तिथे किमान दोन तास ठेवा. १५९७ ते १६०२ मधलं बांधकाम, जांभ्याचं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, चर्च ओस पडलं आणि १८४२ मध्ये व्हॉल्ट कोसळलं. सात पावसाळे फक्त! ४६ मीटरच्या टॉवरचा अर्धा भाग १९३१ मध्ये गेला, उरलेला उभा आहे. पण बाजूची चॅपल्स (प्रार्थनेच्या छोट्या खोल्या) बघा, त्यांच्या आडव्या भिंतीच टेकूचं काम करत होत्या, हे वर छत नसल्यामुळेच नीट दिसतं. मी तिथे दगडावर बसून हाताने जो सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखं चित्र) काढला तोच शेवटी फायनल शीटवर गेला.

से मध्ये मास (चर्चमधली प्रार्थना) चालू असेल तर टेप काढू नका, आणि ट्रायपॉडचं आधी विचारून ठेवा.