टॉर्चच्या काचेला आतून घाम फुटला तर काय करायचं

जुलैत पाचनईतून हरिश्चंद्रगडाला पहाटे निघालो होतो, टॉर्च फुल मोडवर, आणि थोडं वर गेल्यावर वाटलं धुकं फारच दाटलंय. कसलं काय, धुकं काचेच्या आत धरलं होतं. मित्र म्हणाला, गेली तुझी बॅटरी (आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल). गेली बिली काही नव्हती, चूक माझीच होती, आदल्या रात्री पडवीत बाहेर पाऊस कोसळत असताना आरामात गप्पा मारत सेल बदलला होता.

म्हणून पहिलं काम, आत वाफ आहे की थेंब ते बघा. ३० डिग्रीच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम बाष्प असतं, २० डिग्रीला मात्र १७ ग्रॅमच मावतं. टॉर्चमध्ये हवा असते चमचाभर, म्हणजे सगळं मिळून मिलिग्रॅमभरही नाही इतकं पाणी. ते गार काचेवर धूसर पापुद्रा धरू शकतं पण ओघळ नाही आणू शकत. तेव्हा नुसती वाफ धरून थोड्या वेळात जात असेल तर सादळलेली हवा आत अडकलीय, थेंब दिसले तर पाणी बाहेरूनच आलंय, हे नक्की.

थेंब असतील तर लगेच बंद करा आणि सेल बाहेर काढा. चालू ठेवली की गरम होऊन आपोआप सुकेल असं बरेच जण करतात, तसं नका करू, वाफ जाणार कुठे, ती फिरून काचेवरच बसते आणि ओल्या सर्किटमधून करंट जातो तो वेगळाच. सेल फडक्याने पुसा, वरचं प्लास्टिक फाटलंय का, टोकाला गंज आहे का बघा. गरम लागतोय, गळतोय किंवा गोडसर विचित्र वास येतोय तर घराबाहेर, पेटण्यासारखं काही नसेल अशा जागी ठेवा आणि परत चार्जिंगला लावू नका.

मग मागचं झाकण आणि पुढचं डोकं, जे हाताने फिरतंय तेवढंच खोला. बऱ्याच टॉर्चना पुढची रिंग चिकटवलेली असते, तिथे पकड लावलीत की आटे गेलेच म्हणून समजा. आणि आतला चकचकीत रिफ्लेक्टर पुसायचा मोह आवरा!! तो आरसा म्हणजे नुसता पातळ थर असतो, मऊ रुमालानेसुद्धा ओरखडे येतात. एलईडीलाही बोट लावू नका.

सुकवायला घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पाच-सहा पुड्या टाका (बुटांच्या खोक्यातल्या पण चालतात, जर तिथेच सादळल्या नसतील तर), उघडी टॉर्च ठेवा आणि एक-दोन दिवस विसरून जा. आई म्हणेल तांदळात घाल. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याचा भुगा आट्यांत जातो तो काढत बसावं लागतं. हेअर ड्रायर, गॅस, ओव्हन तर नकोच.

टॉर्च सुकतेय तोवर ओ-रिंग (आट्यांजवळची, पाणी अडवणारी रबरी कडी) बघा. खरा खेळ इथेच असतो. नखाने किंवा टूथपिकने हळूच काढा, सुईने नको. बोटांत फिरवून ताणून बघा, बारीक चीर, चपटा झालेला भाग, अडकलेला केस. माझ्या रिंगखाली रुमालाचा एक दोरा निघाला होता, एवढ्याशा दोऱ्यावरून पाणी आत चालत येतं. पुसून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, रिंग फक्त चमकली पाहिजे, लोणी लावल्यासारखं थापू नका. खोबरेल नको, व्हॅसलीन गरम झालं की पातळ होऊन वाहतं आणि काही जातीचं रबर त्याने फुगतं.

बंद करताना हवा कोरडी हवी. एसीच्या खोलीत टॉर्च अर्धा तास उघडी ठेवून तिथेच आवळा, नाहीतर चांगलं ऊन पडलेल्या दुपारी. माझा निम्मा प्रॉब्लेम एवढ्यानेच मिटला.

आता गळती तपासायची तर सेल न घालता आत कोरड्या टिश्यूची गुंडाळी घाला, बंद करा, बादलीत अर्धा तास बुडवा, बाहेरून नीट पुसून उघडा. टिश्यू जिथे ओला तिथून पाणी येतंय. गुहागरला काका रात्री बागेत जायला वापरतात त्या टॉर्चचा टिश्यू शेपटाकडे ओला निघाला, मागच्या रबरी बटणाला केसाएवढी चीर होती, नुसतं बटणाचं रबर बदललं. समुद्राचं पाणी गेलं असेल तर मात्र सुकवायच्या आधी आतलं डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मीठ राहिलं की तांबं हिरवं पडतं.

आणि एक, मोठ्या टॉर्च फुलवर हाताला चटका बसेल इतक्या तापतात. तशी तापलेली टॉर्च ओढ्यात बुडवली की आतली हवा आकसते आणि रिंग जराशी जरी ढिली असेल तर पाणी अक्षरशः आत ओढलं जातं. आयपीएक्स ८ (म्हणजे पाण्यात बुडाली तरी चालते असं रेटिंग) लिहिलेलं असलं तरी ती टेस्ट नव्याकोऱ्या टॉर्चवर, साध्या पाण्यात झालेली असते. पाऊस सुरू झाला की मी आधी लो मोडवर आणतो, चिखलाने माखली तरी थंड झाल्यावरच धुतो.