काळ्या मातीच्या मुलखात मातीचे घर बांधताना

नागपूर परिसरात मातीचे घर बांधू इच्छिणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावे की येथील काळी माती कापसाला मानवते, भिंतीला मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला खोल भेगा पडतात. आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीची ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी वाटणी केली होती, ती याच जाणिवेतून: काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी, आणि घरांच्या भिंतीही पुष्कळदा त्याच पांढऱ्या मातीच्या. मात्र आज जुन्या गावठाणाचे टेकाड मातीसाठी उकरू नये, कारण अशा टेकाडांत प्राचीन वस्तीचे अवशेष असू शकतात. त्याऐवजी मुरमाड, तांबूस किंवा पिवळसर माती शोधावी. मुरूम हे गौण खनिज असल्याने तो काढण्यापूर्वी तहसील कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि स्वामित्वधन भरावे.

मातीची निवड हेच या कामाचे मर्म आहे, आणि तिच्या परीक्षेला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. वरचा वीतभर थर काढून टाकून त्याखालची माती घ्यावी. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ती जोराने हलवावी व दिवसभर स्थिर ठेवावी. तळाशी वाळू, मध्ये गाळ आणि वर चिकणमाती असे थर दिसतात. दाबाच्या विटांसाठी, म्हणजे न भाजता हातयंत्रात दाबून पाडलेल्या विटांसाठी, वाळू व बारीक खडी मिळून निम्म्याहून अधिक आणि चिकणमाती साधारण 15 ते 20 टक्के असावी. दुसरी परीक्षा याहून बोलकी आहे. 60 सेंटिमीटर लांब आणि 4 सेंटिमीटर रुंद व खोल अशा लाकडी साच्याला आतून तेल लावून त्यात ओली माती ठासून भरावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि मग एका टोकाकडे सरकवून किती आटली ते मोजावे. आट 15 मिलिमीटरच्या आत असेल तर 18 भाग मातीला 1 भाग सिमेंट पुरते. 45 ते 60 मिलिमीटर असेल तर 12 भागांना 1 भाग लागते. त्याहूनही अधिक आटणाऱ्या मातीत सिमेंट ओतत बसण्यापेक्षा वाळू किंवा मुरूम मिसळावा. माती फारच चिकट असेल तर सिमेंटपेक्षा चुना चांगला गुण देतो.

विटांसाठी माती 5 मिलिमीटरच्या चाळणीने चाळून, सिमेंटबरोबर कोरडीच कालवून मग थोडे पाणी शिंपडावे. मुठीत दाबलेला गोळा खांद्याच्या उंचीवरून टाकल्यावर चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर आहे. त्याचा भुगा झाला तर पाणी कमी आणि तो चपटा होऊन बसला तर जास्त आहे. कालवलेला माल अर्ध्या तासात हातयंत्रात दाबून संपवावा. विटा सावलीत रचून तीन ते चार आठवडे ओल्या ठेवाव्यात. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच उरकावे. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या मे महिन्यात उघड्यावर पाडलेल्या विटा मुरण्याआधीच वाळतात आणि मग त्यांच्या कडा बोटाने झडतात.

पाया काळी माती पूर्ण ओलांडून कठीण मुरमापर्यंत न्यावा. काळीचा थर फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाकडे फुगीर केलेला जमिनीतला काँक्रीटचा खांब, हा उपाय आहे. तो रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी विकसित केला. त्याचा खर्च मात्र मातीच्या भिंतीत वाचलेले पैसे खाऊन टाकतो, म्हणून मुळात प्लॉट निवडतानाच एक खड्डा खणून पाहणे शहाणपणाचे. जोते काळ्या दगडाचे, किमान दीड-दोन फूट उंच ठेवावे.

भिंत फूट-दीड फूट जाड असावी, म्हणजे दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते आणि खिडक्या उघडून ती बाहेर काढता येते. छपरासाठी कवेलू (कौले) उत्तम. पावसाचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून पाखी अडीच ते तीन फूट बाहेर काढाव्यात. बांबू तोडतेवेळी तीन वर्षांहून अधिक वयाचा असावा आणि बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून घ्यावा. माती, बांबू आणि कवेलूंनी किती टिकाऊ घर होते, हे सेवाग्रामची बापूकुटी पाहून कळते. नागपूरहून ती जेमतेम पाऊण-शे किलोमीटरवर आहे.

गिलावा माती, शेण आणि बारीक कुटार (भुसा) एकत्र आठ-दहा दिवस कुजवून करावा आणि वर चुन्याची सफेदी द्यावी. सिमेंटचा गिलावा मातीवर मुळीच चढवू नये: त्यामागे ओल कोंडते आणि काही पावसाळ्यांत त्याचे पोपडे भिंतीची माती घेऊन सुटतात. ‘पक्के’ दिसावे या हौसेपायी चांगल्या मातीच्या भिंती अशाच वाया जातात.

शहराच्या हद्दीत बांधकामापूर्वी महानगरपालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यास यांपैकी ज्याच्या अखत्यारीत प्लॉट येतो त्याच्याकडून नकाशा मंजूर करून घ्यावा, आणि मातीकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याची सही त्यावर असावी. माती स्वस्त असली तरी मजुरी स्वस्त नाही. घरच्या माणसांनी विटा पाडल्या तरच खरी बचत होते. भिंती एप्रिलअखेर उभ्या राहाव्यात आणि पाऊस येथे साधारण जूनच्या मध्यावर पोचत असल्याने छप्पर त्याआधी पडावे. पहिला पावसाळा गेला की दिवाळीच्या आधी भिंतींभोवती फिरून कुठे भेग किंवा वाळवीची माती दिसते का ते पाहावे आणि गिलाव्याच्याच मातीचा हात फिरवून ती जागा बुजवावी.